हायड्रोजनची मोटार आणि आपली फुप्फुसे

हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीतून धुराऐवजी पाणी बाहेर पडते. २०१४मध्ये जपानच्या बाजारात आलेल्या टोयोटा ‘मिराई’मध्ये हायड्रोजन जळत नाही, इंधन घटात हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन वीज तयार होते. त्यामुळे दमेकऱ्यांना छळणारी काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड तिच्यातून निघत नाहीत. हा फायदा मोठाच आहे. मात्र आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळशापासूनच बनतो. म्हणजे रस्त्यावर टळलेला कार्बन डायऑक्साइड कारखान्यातून सुटतो. सौर किंवा पवन विजेने पाण्यापासून हायड्रोजन मिळवता येतो, पण हायड्रोजन बनवून मोटारीत त्याची पुन्हा वीज करण्याच्या खटाटोपात निम्म्याहून अधिक वीज वाया जाते. छोट्या मोटारींना बॅटरी पुरेशी आहे. असा स्वच्छ हायड्रोजन आधी लांब पल्ल्याच्या ट्रक-बसना द्यावा. डिझेलचा धूर तिथेच जास्त आहे.