‘तू कुणाचा?’ : मराठी कथनसाहित्यातील एक जुना प्रश्न

गावात वा जुन्या पेठेत एखादे अनोळखी मूल दिसले, की वडीलधारी माणसे त्याला विचारतात, “तू कुणाचा रे?” मुलाचे स्वतःचे नाव पुढे कधीतरी. बापाचे नाव, आडनाव, आळी, आजोळ यांपैकी काही कानावर पडले की विचारणाऱ्याचे समाधान होते. मराठीत माणसाची ओळख अशी षष्ठी विभक्तीतून सांगितली जाते. कुटुंब, ओळख आणि सांस्कृतिक आपलेपण यांविषयीचे आपले उत्तम कथनसाहित्य याच प्रश्नाभोवती उभे आहे, आणि ते शिकवताना आपण नेमका हाच प्रश्न गाळतो, असे आम्हांस वाटते.

गाळतो तो सोयीसाठी. उद्धव शेळक्यांची ‘धग’ ग्रामीण प्रवाहात, ‘अक्करमाशी’ दलित प्रवाहात, हरिभाऊ समाजसुधारणेच्या कालखंडात आणि प्रकाश नारायण संतांचा लंपन ‘बालपणाच्या हृद्य आठवणीं’त, अशी आपली वाटणी ठरलेली आहे. प्रश्नपत्रिकेला ती बरी पडते. ‘कौटुंबिक’ हे विशेषण तर समीक्षेत जवळजवळ कमीपणाचेच झाले आहे. परिणाम असा होतो, की अस्मिता ही चळवळींची आणि व्यासपीठांची बाब, तर घर ही दूरचित्रवाणी मालिकांची बाब, असा विद्यार्थ्यांचा समज होऊन बसतो. एका घरात ‘आपले’ कोण आणि ‘परके’ कोण हे कसे ठरते, याचा विचार मग वाङ्मयाच्या तासाला होतच नाही.

येथे व्याकरणातील एक साधी गोष्ट आठवावी. संस्कृत वैयाकरण षष्ठीला कारक मानत नाहीत. कर्ता, कर्म, करण यांचा क्रियेशी थेट संबंध असतो. षष्ठी केवळ एका नामाचा दुसऱ्या नामाशी संबंध दाखवते. ‘रामाचा मुलगा’ असे म्हटल्याने रामाने मुलासाठी काय केले, हे कळत नाही. समाजही असाच बोलतो. जात, कुळ, गाव, भाषा यांचे चा-ची-चे तो जन्मताच लावून मोकळा होतो. कथाकाराला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. ‘कुणाचा’ या प्रश्नाचे उत्तर तो क्रियापदांत शोधतो : कोणी जेवू घातले, कोणी उशाशी जागून काढले, कोणी दार लावून घेतले. आमचे म्हणणे एवढेच, की आपलेपणाविषयीची कथा आपण या क्रियापदांपाशी थांबून वाचली पाहिजे.

‘पण लक्षात कोण घेतो!’ हे त्याचे पहिले मोठे उदाहरण. १८९० मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. यमूने स्वतः सांगितलेली ही कहाणी आहे. ती आधी वडिलांची, मग सासरची, मग नवऱ्याची. मुंबईच्या दिवसांत नवरा तिला शिकवतो, तिच्याशी बोलतो, आणि त्या काळापुरते तिच्या ‘कुणाची’ या प्रश्नाला क्रियेचे उत्तर मिळते. नवरा जातो, तशी ती पुन्हा नुसत्या षष्ठीत येऊन पडते : अमक्या घराची विधवा. त्याच घरात तिचे सक्तीने केशवपन होते. ‘आमच्या घरची’ हा शब्द यमूच्या बाबतीत हक्क सांगण्यापुरता आहे, जपण्यासाठी नाही. केशवपनाची चाल मागे पडली म्हणून ही कादंबरी जुनी झाली, असे म्हणणाऱ्याने तिच्यातील हा अर्थ वाचलेलाच नसतो.

वय बदलले की प्रश्नाचा सूरही बदलतो. ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार संग्रहांतला लंपन शाळकरी मुलगा आहे. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे, सीमाभागातल्या गावात तो वाढतो. त्याच्या मराठीला कानडी हेल आहे. मोठी माणसे ज्या सीमेवरून भांडली, ती सीमा त्याच्या जिभेवर आहे आणि तिथे भांडण नाही. दुखणे वेगळेच आहे : आजी जीव लावते, म्हणून ते घर त्याचे झाले आहे, पण आईच्या घराची ओढही सुटत नाही. लंपन दोन घरांचा आहे, आणि दोन घरांचे असणे म्हणजे सतत एका घराला मुकणे, हे त्याला शब्दांत न सांगता कळते. लेखकाचे व्यवहारातले नाव भालचंद्र दीक्षित होते. आजोळी दत्तक गेल्याने ते आले होते. या कथा मात्र त्यांनी जन्मनावाने लिहिल्या. या तपशिलाने कथांचा उलगडा होत नाही, हे खरे. परंतु या कथांना ‘गोड’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा.

लंपनच्या शेजारी आम्ही शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) ठेवू इच्छितो. ती कादंबरी नाही, आत्मकथन आहे. पण ‘तू कुणाचा?’ हा प्रश्न इतक्या उघड्या स्वरूपात मराठीत क्वचितच आला असेल. शीर्षकच मोजमापाचे आहे : बारा माशांचा तोळा, त्यात एक मासा कमी. वडील सवर्ण पाटील, आई महार. बापाचे नाव काय लावायचे, इथपासून झगडा सुरू होतो. येथेही मुलगा आजीपाशी वाढतो, येथेही गाव अक्कलकोट तालुक्यातले, कानडी मुलखाला लागून. लंपनला दोन घरे आहेत, या मुलाला समाजाच्या लेखी एकही नाही. आणि तरीही त्याला घर मिळते. संतामाय आणि तिच्यासोबत राहणारा मुसलमान जमादार त्याला नातू म्हणून सांभाळतात. जमादाराचे त्याच्याशी ना रक्ताचे नाते, ना जातीचे, ना धर्माचे. केवळ सांभाळण्याच्या क्रियेतून तो आजोबा होतो. जात आणि धर्म यांच्या सर्व षष्ठ्या एका बाजूला आणि जमादाराचे हे वागणे दुसऱ्या बाजूला, असा हा ताळा आहे.

मध्यमवयाची बाजू ‘धग’ (१९६०) मांडते. वऱ्हाडातली कौतिक नाकर्त्या नवऱ्याच्या संसारासाठी राबराब राबते. तिथे क्रियापदांची सारी ओढाताण एकटीच्या वाट्याला आली आहे. बाकीच्यांना तिचे असण्याचा अधिकार हवा असतो, तिच्यासाठी काही करण्याची पाळी आली की मात्र हात आखडतात. त्या घराला ‘घर’ म्हणावे का, असा प्रश्न आमच्या मनात प्रत्येक वाचनात उभा राहतो.

यावर एक आक्षेप संभवतो. षष्ठीलाही वजन असते. कुळ, गाव आणि जात यांच्याशिवाय मराठी माणूस उभाच राहत नाही. श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’ आणि ‘तुंबाडचे खोत’ या शीर्षकांतच गावाची षष्ठी आहे. नेमाड्यांच्या ‘हिंदू’मध्ये (२०१०) खंडेराव वडिलांच्या अखेरच्या आजारात मोरगावला परततो, तेव्हा घराण्याचा सारा वारसा त्याच्यापुढे उभा ठाकतो. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. संतामायच्या मायेने शाळेच्या दाखल्यावरचा बापाच्या नावाचा रकाना भरत नाही, हेही खरे. समाज षष्ठी पाहूनच दार उघडतो. पण पेंडशांचा बापू ‘गारंबीचा’ ठरतो तो गावाने ओवाळून टाकल्यानंतर, स्वतःच्या कर्तबगारीवर. आणि खंडेरावापुढचा प्रश्न वारसा कोणता, हा नाहीच. तो पेलण्यासाठी काय करावे लागेल आणि ते आपण करणार का, हा आहे. चांगला कथाकार षष्ठी नाकारत नाही. तो तिच्याकडून हिशेब मागतो.

हा हिशेब आज अधिक निकडीचा आहे. ‘आम्ही अमक्याचे’ असे सांगणारे फलक चौकाचौकांत आहेत, आणि आपले विद्यार्थी ते वाचतच वर्गात येतात. त्या फलकांवर क्रियापद नसते. म्हणून आमची सूचना माफक आहे. प्रवाहांचे कप्पे राहू द्यावेत. मात्र वर्षातून एकदा तरी ‘वनवास’ आणि ‘अक्करमाशी’ शेजारी ठेवून शिकवावे, आणि विद्यार्थ्यांना पृष्ठापृष्ठांवरून एवढेच टिपायला सांगावे, की या मुलासाठी कोणी काय केले. त्या टिपणावरून ‘तू कुणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी स्वतः लिहितील, आणि ते प्रत्येकाचे सारखे येणार नाही. ती उत्तरे तपासायला आम्हांला आवडेल.