खाटा नव्हे, घरे मोजा

गणपतीला चाकरमानी कोकणात येतात आणि काही घरांत तेव्हाच एक गोष्ट ध्यानात येते. आई तेच तेच पुन्हा विचारते आहे. वडिलांना आरत्यांचा क्रम आठवत नाही. फडताळात रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे न फोडता तशीच पडली आहेत. मग विसर्जन उरकले की म्हाताऱ्यांना मुंबईला नेतात, मोठ्या रुग्णालयात दाखवतात आणि पुढच्या काही महिन्यांची औषधे देऊन गावी आणून सोडतात. त्या गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का, त्यांनी गुंगी येते का, अंगणात तोल जातो का, हे पाहायला नंतर घरी कोणी नसते.

महाराष्ट्राची सरकारी मानसिक आरोग्यसेवा आजही चार मोठ्या मनोरुग्णालयांच्या आधाराने उभी आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. नागपूरचे 1864 चे, रत्नागिरीचे 1886 चे, ठाण्याचे 1901 चे. रुग्णाला वस्तीपासून दूर ठेवणे हाच उपचार मानला जात होता, त्या काळाच्या या वास्तू. 1996 मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात सुरू झाला आणि पुढे तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला. पण एक मानसोपचारतज्ज्ञ, सोबत मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे, आणि त्यांनी सांभाळायचा अख्खा जिल्हा! सातपुड्यातल्या धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला यायचे तर रोजंदारी बुडते, एसटीचे भाडे जाते आणि सोबत आलेल्या नातेवाइकाचीही मजुरी बुडते. दोन-तीन महिन्यांत उपचार सुटतात आणि केसपेपरवर ‘रुग्ण फिरकला नाही’ एवढीच नोंद राहते.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने हेच आकड्यांत मांडले. देशातल्या प्रौढांपैकी 10.6 टक्क्यांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि नैराश्य असलेल्या बहुसंख्यांना उपचार मिळतच नव्हते.

कायदा मात्र या व्यवस्थेच्या कितीतरी पुढे गेला आहे. 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 18 मध्ये घरच्या घरी पुनर्वसन, आधारगृहे आणि वृद्धांसाठी वेगळी तरतूद यांचा स्पष्ट उल्लेख आहे. किमान सरकारी सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसतील तर रुग्णाने जिल्ह्यातल्याच इतर मानसिक आरोग्यसेवेत घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसायचा, असेही तो सांगतो. कलम 19 समाजात राहण्याचा हक्क देते. तरीही बरे झालेले रुग्ण केवळ जायला घर नाही म्हणून वर्षानुवर्षे मनोरुग्णालयात अडकून पडतात, आणि त्यांच्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागते.

या सेवेच्या फेररचनेचा विषय निघाला की पहिला प्रस्ताव ठरलेला असतो: प्रौढांचा विभाग वेगळा, ज्येष्ठांचा वेगळा. मोठ्या शहरात ते ठीक. तालुक्यात मात्र ही विभागणी घराच्या उंबऱ्याशीच मोडते. स्किझोफ्रेनिया असलेला पंचेचाळिशीचा मुलगा आणि त्याला सांभाळणारी पंच्याहत्तरीची आई एकाच छपराखाली राहतात. ती त्याच्या गोळ्या मोजून देते, स्वतःच्या विसरते. तिची झोप उडाली आहे, गुडघे धरले आहेत आणि मनात एकच घोर आहे, ‘माझ्यामागे याचं कोण?’ या दोघांसाठी दोन खिडक्या, दोन वार आणि दोन केसपेपर कशाला? एका तालुक्याची जबाबदारी एकाच पथकाकडे हवी आणि त्याच्या नोंदवहीत खाटांऐवजी घरे असावीत.

वृद्धांच्या बाबतीत तर घरी जाऊन पाहण्याला पर्याय नाही. अचानक बरळू लागलेल्या आजोबांना वेड लागलेले नसते. कधी लघवीचा संसर्ग असतो, कधी सोडियम घसरलेले असते, कधी चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्यांतली औषधे एकमेकांशी भांडत असतात. ऐकू कमी येते म्हणून गप्प झालेल्या आजीला विसराळूपणाचा शिक्का बसतो. हे फडताळ उघडून, सुनेशी बोलून कळते. 2022 मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ची 14416 ही हेल्पलाइन पहिल्या आधारासाठी मोलाची आहे, पण फोनवरून नाडी पाहता येत नाही.

हे काम आपल्या भागात होऊ शकते, याचा पुरावाही आपल्याच भागात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांना हाताशी धरले. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. गोव्यात साठीपुढच्या 181 जणांच्या अभ्यासात डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी घरोघरी जाऊन झोप, दुखणी आणि रोजच्या अडचणींवर काम केले. वर्षभरात तीव्र नैराश्य त्यांच्या गटात सुमारे 4 टक्क्यांना, तर तुलनेच्या गटात 14 टक्क्यांना आले. मोठे यंत्र नाही, नवी इमारत नाही.

मात्र आशा कार्यकर्तीच्या डोक्यावर आणखी एक फॉर्म टाकून हे होणार नाही. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, सर्वेक्षणे यांत ती आधीच पिचली आहे. या कामाला स्वतंत्र माणूस, स्वतंत्र पगार आणि पाठीशी डॉक्टर लागेल. अमेरिकेने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मनोरुग्णालये रिकामी केली, पण गावपातळीवरच्या सेवा पुरेशा उभारल्या नाहीत. अनेक रुग्ण रस्त्यावर आणि तुरुंगात गेले. म्हणून येरवड्याच्या किंवा ठाण्याच्या खाटा आधी बंद करू नयेत. आधी पथक उभे राहावे, आधारगृह सुरू व्हावे, मगच खाट कमी व्हावी.

सुरुवात सिंधुदुर्गापासून करावी. तरुण मुंबईत आणि म्हातारी माणसे गावात, अशी घरे इथे वाडीवाडीवर आहेत आणि दोडामार्ग-सावंतवाडीचे रुग्ण उपचारांसाठी आजही गोव्यात बांबोळीला जातात. महिनाभराची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळावीत. एकट्या राहणाऱ्या वृद्धाकडे आणि गोळ्या न्यायला न आलेल्या प्रत्येकाकडे पथकाने त्याच आठवड्यात जावे. कोणत्या वाडीत किती घरांना भेट झाली आणि किती राहिली, हा आकडा दर तिमाहीला जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे ठेवावा.