पेण-रोह्यातले समुपदेशक: किती किलोमीटर नाही, किती तास लांब?

२०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवाच. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं. आता हा ‘बाहेरचा तज्ज्ञ’ किती लांब? इथेच मॅपिंग कामाला येतं.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून लेअरमध्ये विचार करतो. पहिला लेअर शाळांचा, यूडायस कोड आणि पटसंख्येसकट. दुसरा समुपदेशक भेटतील अशा ठिकाणांचा. तिसरा एसटी आणि रेल्वेचा. चौथा मोबाइल रेंजचा, कारण रेंज नसेल तर हेल्पलाइनही नाही. अंतर सरळ रेषेत मोजू नका, प्रवासाचा वेळ मोजा. पेण आणि रोह्याला रेल्वे स्टेशन आहे, पण डोंगरातल्या कातकरी वाडीवरच्या मुलीला आधी रस्त्यापर्यंत चालत यावं लागतं.

एक गोष्ट मात्र नकोच: विद्यार्थ्यांचे ठिपके. तीस घरांच्या वाडीवर ‘१ केस’ असं दाखवलं, की नाव न लिहिताही अख्ख्या गावाला कळतं. मग ती मुलगी पुन्हा कुणाशी बोलेल? नकाशा मदतीचा करा, मुलांचा नको.

तुम्हीही ओपनस्ट्रीटमॅपवर आपली शाळा, एसटी थांबा नीट टाकू शकता. आणि मन जड झालं असेल तर टेलिमानसचा १४४१६ लावा. मोफत, २४ तास, मराठीतही.