आंबाडुंगरचे खनिज आणि ग्रामसभा

राजवाडी होळीसाठी ओळखल्या जाणाऱ्या, नंदुरबार जिल्ह्यातील काठी गावाच्या उत्तरेला, नर्मदेपलीकडे, गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडुंगर आहे. तेथील कार्बोनेटाइट खडकात दुर्मीळ मृदा धातूंचे साठे आहेत आणि गुजरातचे खनिज विकास महामंडळ ते काढण्याच्या तयारीत आहे. हे धातू देशाला हवेतच. चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी अशा सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि पुण्याच्या बजाज ऑटोला त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांअभावी चेतक स्कूटरचे उत्पादन घटवावे लागले. याच धातूंची चुंबके क्षेपणास्त्रांत आणि लढाऊ विमानांत लागतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने देशी चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, ती योग्यच. आपली खरी उणीव खाणींची नसून धातू वेगळे करून चुंबक घडवणाऱ्या कारखान्यांची आहे.

मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने अशा खनिज प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली, ती आम्हाला मान्य नाही. नर्मदेवरील सरदार सरोवरात याच खोऱ्यातील, नंदुरबारच्या अक्कलकुवा-अक्राणीतील आदिवासींची गावे बुडाली आणि पुनर्वसनासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. धातू वेगळे करताना रसायनमिश्रित सांडपाणी उरते, अनेकदा किरणोत्सारी थोरियमही. ते कुठे जाणार, हे नर्मदाकाठच्या माणसाला आधी कळायलाच हवे. आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ पासून आहे. सरकारने ग्रामसभा बोलवावी, प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल लोकांच्या बोलीत समजावून सांगावा आणि त्यानंतरच खोदकामाला हात घालावा.