हवा कुठे गेली?

मुलांनो, सायकल पंक्चर झाली तर काय होतं? फार तर ती ढकलत न्यायची, शाळेला उशीर झाला म्हणून बोलणी खायची आणि संध्याकाळी पंक्चरवाल्याकडे जायचं. पण जी गाडी हवेच्या जोरावर पाण्यात तरंगते, तिचंच पंक्चर झालं तर? आणि तीत दहा माणसं बसलेली असली तर?

आपल्या परभणी जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकातला नाही. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांच्या कडेने गोदावरी वाहते. वर पैठणला जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडले की इकडे गोदाकाठच्या गावांचे कान टवकारतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस गोदावरीला मोठा पूर आला. अशा वेळी नारिंगी कपड्यांतले जवान येतात ना, ते राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे. त्यांच्याकडे हवा भरून फुगवायच्या रबरी बोटी असतात. घडी घालून गाडीत टाकता येतात, उथळ पाण्यातही चालतात.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. पुरात ही बोट नुसती नदीवरून जात नाही. ती कुणाच्या शेतावरून, कुणाच्या अंगणावरून जाते. गढूळ पाण्याखाली बाभळीच्या फांद्या असतात, कुंपणाची काटेरी तार असते, उडालेले पत्रे असतात. बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो, हे तुम्हाला मी काय सांगू!

मग बोट बुडत कशी नाही?

आधी ती तरंगते कशी ते पाहू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबमध्ये साधारण शंभर लिटर हवा मावते. ती ट्यूब पूर्ण पाण्यात दाबली तर शंभर लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे शंभरेक किलो वजन उचलून धरते. त्यातून ट्यूबचं स्वतःचं वजन वजा करायचं. सगळा हिशेब हवेचा. हवा गेली की हिशेब संपला!

म्हणून बोट बनवणारे एक युक्ती करतात. बाहेरून बोटीची नळी अखंड दिसते, पण आत रबरी पडदे घालून तिचे वेगवेगळे कप्पे केलेले असतात. प्रत्येक कप्प्याला हवा भरायचा व्हॉल्व्ह वेगळा. एक कप्पा फाटला तरी बाकीच्यांतली हवा जागच्या जागी राहते. बोट एका बाजूला कलते, पण तरंगते. मग बोटीतली माणसं खाली बसून हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकतात आणि बोट काठाला लागते.

ही युक्ती जुनी आहे बरं का! १८४० च्या दशकात पीटर हॅल्केट नावाच्या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने अंगरख्याची बोट केली होती. घातला की अंगरखा, फुगवला की बोट! सोबतची काठी वल्ह्याच्या कामी यायची आणि छत्री शिडाच्या. त्या अंगरख्यातही हवेचे चार वेगळे कप्पे होते.

आता ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून नदी ओलांडणाऱ्या मुलाचा विचार करा. त्या ट्यूबला कप्पा एकच. काटा एक लागला की सगळं गेलं. शिवाय ट्यूब उलटते ती वेगळीच. आई-बाबांनाही हे वाचून दाखवा. पोहता येणाऱ्यानेही पुराच्या पाण्यात ट्यूबच्या भरवशावर जाऊ नये.

बोटीची हवा कमी झाली की शोध कसा घ्यायचा?

पहिला प्रश्न : हवा खरंच गेली का? आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. भर दुपारी फुगवलेली बोट गार पाण्यात सोडली की मऊ लागते. हवा तेवढीच असते. गार झाली म्हणून तिचा दाब उतरतो. अशा बोटीच्या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम पाचवा हिस्सा जास्त दाब असतो. हवा वीस अंशांनी गार झाली तर त्या जास्तीच्या दाबातला साधारण तिसरा हिस्सा कमी होतो. याच्या उलटही घडतं. सकाळच्या गारव्यात टच्च फुगवलेली बोट उन्हात टाकली, तर दाब वाढून जोड उसवू शकतात. म्हणून बोट सावलीत ठेवतात.

दुसरा प्रश्न : व्हॉल्व्ह गळतो का? आत वाळूचा कण अडकला तरी हवा निसटते. भोक शोधत बसण्याआधी तोच साफ करून पाहावा.

तिसरा प्रश्न : भोक कुठे आहे? पंक्चरवाला सायकलची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवतो. बोट कशी बुडवणार? तिच्यावर साबणाचं पाणी फिरवायचं. जिथे बुडबुड्यांचा झुपका उठेल तिथे चोर! लगेच पेनाने गोल करून ठेवायचा, नाहीतर पाणी वाळलं की चोर पुन्हा लपला.

चौथा प्रश्न : आतला पडदा फाटला नाही ना? एकच कप्पा फुगवून ठेवायचा. शेजारचा रिकामा कप्पा आपोआप फुगू लागला, तर बाहेरून काही दिसत नसलं तरी बोट धोक्याची. ती दुरुस्तीला कारखान्यातच न्यायला हवी.

बाहेरचं लहान भोक मात्र ठिगळाने बुजतं. जागा पुसून कोरडी करायची आणि पॉलिश पेपरने घासायची, कारण गुळगुळीत रबराला ठिगळ नीट धरत नाही. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे. टोकदार कोपरा आधी उचकटतो. ठिगळ भोकापेक्षा चांगलं मोठं हवं, चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त. सोल्युशन दोन्हीकडे लावायचं आणि थांबायचं. का? सोल्युशनमधला पातळ भाग उडून जाऊ द्यावा लागतो. घाई केली तर तो ठिगळाखाली कोंडतो आणि जोड कच्चा राहतो. मग ठिगळ दाबून बसवायचं आणि निदान एक दिवस बोटीत हवा भरायची नाही. हो, सोल्युशनही बोटीच्या कापडाला चालणारं हवं. रबरी कापडाचं सोल्युशन पीव्हीसीच्या बोटीला नीट धरत नाही. सोल्युशनचा वास डोक्यात जातो, म्हणून हे काम मोठ्यांनी आणि उघड्यावर करायचं.

आणि पाण्यात असतानाच काटा रुतला तर? तो उपसायचा नाही! रुतलेला काटा बऱ्याचदा बुचाचं काम करतो. काठ गाठावा, मग काय ते पाहावं.

आता तुमचं काम. झाकणाच्या अर्ध्या लिटरच्या चार रिकाम्या बाटल्या शेजारी शेजारी बांधून तराफा करा. त्याखाली एक किलो दगडांची कापडी पिशवी बांधा आणि धुण्याच्या खोल टबात सोडा. मग एक बाटली सोडवून पाण्याने काठोकाठ भरा, झाकण लावा, परत बांधा. तराफा कलला का? आता दुसरी भरा. मग तिसरी. कितव्या बाटलीला तो तळाला गेला, ते वहीत लिहा. नंतर तीच पिशवी दोन लिटरच्या एकाच बाटलीला बांधा आणि ती बाटली पाण्याने भरून पाहा.

दोन्हीकडे हवा होती दोनच लिटर. मग फरक कशाने पडला? उत्तर घरातल्या धाकट्या भावंडाला समजावून सांगा. त्याला पटलं, तर तुम्हालाही समजलं!