साक्ष मराठीत, नोंद हिंदीत : कायदा काय म्हणतो?

लोधीखेड्याचा शेतकरी सौंसरच्या न्यायालयात उभा राहून 'शेजाऱ्याने माझ्या वावराचा धुरा फोडला' असे सांगतो, तेव्हा कागदावर काय उतरते? लिहून घेणाऱ्याला आपल्या भागाची बोली ठाऊक असेल तर 'मेड़' उतरते. तो नवखा असेल तर अडचण होते, कारण हिंदीत धुरा म्हणजे गाडीचा आंस. धुऱ्याचा वांधा त्यातल्या त्यात सोपा. प्रश्न विचारला की खुलासा होतो. पण एखादी बाई 'त्याने माझी चेष्टा केली' म्हणते आणि नोंदीत 'चेष्टा की' असे लिहिले जाते, तिथे मामला गंभीर होतो. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. कशाचा प्रयत्न, हा प्रश्न मग उलटतपासणीत येतो, आणि ठाण्यातील जबानी व न्यायालयातील साक्ष यांत 'विसंगती' असल्याचा युक्तिवाद उभा राहतो. वास्तविक ही विसंगती साक्षीदाराची नसते, दोन वेळा दोन हातांनी झालेल्या तर्जुम्याची असते.

हा प्रश्न आपल्या वाट्याला कसा आला, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशाने 1950 च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा मानल्या होत्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेले. पुढे 1957 च्या राजभाषा कायद्याने हिंदी ही राज्याची भाषा झाली. सौंसर-पांढुर्ण्याच्या घराघरांतली भाषा मात्र कोणत्याही अधिसूचनेने बदलली नाही.

उच्च न्यायालयाखालील न्यायालयांची भाषा कोणती, हे ठरविण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. त्याबद्दल वाद नाही. पण न्यायालयाची भाषा आणि साक्षीदाराची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायदा स्वतःच तसा भेद करतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 277, म्हणजे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 312, सांगते की साक्षीदार दुसऱ्या भाषेत बोलत असेल तर शक्य असल्यास त्याच भाषेत साक्ष लिहून घ्यावी व नंतर तिचा खरा तर्जुमा न्यायालयाच्या भाषेत जोडावा. शक्य नसेल तर साक्ष चालू असतानाच तर्जुमा तयार व्हावा आणि त्यावर न्यायाधीशांची सही असावी.

सारी मेख 'शक्य असल्यास' या दोन शब्दांत आहे. शक्य कोणाला? तामीळ किंवा बंगाली साक्षीदाराच्या बाबतीत लिपीची अडचण खरी मानता येईल. मराठीची लिपी तर हिंदीचीच आहे. देवनागरी लिहिणाऱ्या कारकुनाला ऐकलेले मराठी वाक्य जसेच्या तसे उतरविणे अशक्य आहे, हे आम्हांला पटत नाही. संगणकाचा कळफलकही तोच!

सर्वोच्च न्यायालयाने या कलमाकडे कसे पाहिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नईम अहमद विरुद्ध दिल्ली राज्य या प्रकरणात 30 जानेवारी 2023 रोजी न्यायालयाने बजावले की साक्षीदार आपल्या भाषेत बोलत असता केवळ इंग्रजी तर्जुमा नोंदवून ठेवणे चालणार नाही. साक्षीचा मजकूर आणि तिचा सूर मूळ भाषेतच नीट कळतो, म्हणून सर्व न्यायालयांनी कलम 277 चे पालन करावे. तो खटला इंग्रजी नोंदीचा होता. पण त्यामागचा विचार हिंदी नोंदीलाही तितकाच लागू पडतो, असे आमचे मत आहे.

मात्र दुसरी बाजूही आहे. साठच्या दशकातील शिवनारायण काबरा प्रकरणात आरोपीची तक्रार होती की आपल्याला समजेल अशा भाषेत साक्ष समजावून दिली नाही. त्याच्या वकिलांना भाषा येत होती. सर्वोच्च न्यायालयाने ती त्रुटी मानली, पण त्यामुळे अन्याय झाला असे न दिसल्याने खटला रद्द ठरविला नाही. अर्थ उघड आहे. हरकत त्याच वेळी, त्याच न्यायालयात घेतली पाहिजे. निकाल विरुद्ध गेल्यावर भाषेचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही. आणि इथेच आमच्या वकीलमंडळींबद्दल थोडे बोलावे लागते. पक्षकाराशी व्हरांड्यात अस्सल वऱ्हाडी-नागपुरी बोलणारे किती वकील आत गेल्यावर 'साक्ष मराठीत नोंदवावी' असा साधा अर्ज देतात?

दस्तऐवजांचे कलम तर याहून आपल्या बाजूचे आहे. नोंदणी कायदा 1908 च्या कलम 19 प्रमाणे दस्तऐवज नाकारायचा तर दोन गोष्टी एकदम असाव्या लागतात : निबंधकाला ती भाषा समजत नाही, 'आणि' ती जिल्ह्यात सामान्यतः वापरात नाही. मराठी पांढुर्णा-सौंसरात वापरात नाही, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर तर हे अधिकच स्पष्ट झाले. तेव्हा मराठी खरेदीखत केवळ भाषेमुळे परत करता येत नाही.

गाऱ्हाण्याचा अर्जही राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार मराठीत देता येतो. उत्तर मराठीत मिळेल, असे मात्र त्यात लिहिलेले नाही. आणि हे न्यायालयातील दाव्याला लागू नाही. दावा न्यायालयाच्या भाषेतच करावा लागतो.

एप्रिल 2025 मध्ये अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या उर्दू फलकाबाबत सर्वोच्च न्यायालयाने असेच तारतम्य दाखविले. कायदा मराठी हवी म्हणतो, तिच्या जोडीला दुसरी भाषा नको असे म्हणत नाही. सौंसरात मराठीसाठी हक्क मागणाऱ्यांनी पातूरच्या उर्दूचेही स्वागत करायला हवे.

राहता राहिली सही. साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवावी, आणि ज्या भाषेत नोंद झाली ती साक्षीदाराला समजत नसेल तर त्याच्या भाषेत समजावून द्यावी, असे कलम 313 सांगते. 'हिंदी समजते ना?' असे विचारले की आपला माणूस भिडेपोटी 'हो' म्हणतो. बाजारची हिंदी समजणे वेगळे आणि मुसल्लम, बयान, तस्दीक समजणे वेगळे. वाचून दाखविताना शब्द चुकला असे वाटले तर साक्षीदाराला तसे सांगता येते. न्यायाधीशांनी दुरुस्ती केली नाही तरी त्या हरकतीची टीप साक्षीखाली नोंदविण्याची तरतूद त्याच कलमात आहे, आणि अपिलाच्या फायलीबरोबर ती टीप जबलपूरपर्यंत जाते.