आतड्याचा आजार आणि आपले ताट



पर्युषण जवळ आले की घराघरांत एकच चौकशी सुरू होते, "यंदा किती उपवास?" ज्या सुनेला किंवा लेकीला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, तिला हा प्रश्न फार टोचतो. बाहेरून ती धडधाकट दिसते. पण आतड्याला सूज असते, दिवसातून कित्येकदा शौचाला जावे लागते, कधी रक्तही पडते. माझे स्पष्ट मत आहे की तिच्या ताटाचा निर्णय तिने डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना विचारून घ्यावा. बाकीच्यांनी त्यात पडू नये.

"आपला आहार इतका सात्त्विक, मग हा आजार झालाच कसा?" असेही विचारले जाते. शाकाहार चांगलाच, पण तो या आजारावरचे औषध नाही. कांदा-लसणातल्या फ्रुक्टानमुळे अनेकांना गॅस होतो, तो त्रास आपल्याला कमी. मात्र गॅस कमी होणे वेगळे आणि सूज उतरणे वेगळे. क्रोन्स झालेल्या मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त विशेष द्रव आहार देऊन सूज उतरवतात, पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अमेरिकेत क्रोन्सच्या १९४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धान्ये आणि साखर वर्ज्य करणारा कडक आहार साध्या भूमध्यसागरी आहारापेक्षा सरस ठरला नाही. म्हणून कुणी सांगितले म्हणून एकेक पदार्थ सोडत जाऊ नका.

त्रास वाढलेला असताना मऊ भात, मुगाचे पातळ वरण, साल काढून शिजवलेला दुधी किंवा लाल भोपळा बहुतेकींना सोसतो. मोड आलेली कडधान्ये, कच्ची कोशिंबीर, तिखट-तळलेले तेव्हा बाजूला ठेवावे. दूध सोसत नसेल तर दही-ताक चालते का, ते पाहावे. आतडे अरुंद झाले असेल तर चोथ्याचे पदार्थ धोक्याचे असतात.

बी-१२ आपल्याला मुख्यतः दुधातूनच मिळते आणि ते शोषले जाते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, जिथे क्रोन्स बहुधा होतो. म्हणून बी-१२ आणि लोह तपासून घ्यावे. कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे असेल तर गोळी किंवा इंजेक्शनचा पर्याय विचारावा. रात्री काही घ्यायचे नसेल तर औषधाच्या वेळा दिवसा बसतात का, तेही विचारावे. पण औषध, विशेषतः स्टिरॉइड, मनाने बंद करू नये. जुलाब सुरू असताना निर्जळ उपवास तर मुळीच नको.

सोळाकारण भावनांत 'शक्तितस्तप' आहे. तप आपल्या शक्तीप्रमाणे करायचे असते. स्वाध्याय हेही तपच आहे आणि आजारी माणसाची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, हेसुद्धा. तिला स्वाध्याय करू द्या. तिच्यासाठी मऊ भात शिजवणे हे आपले तप.